नाण्याची हमी आज कंपनी देते, दीडशे वर्षांपूर्वी ती पंडित भगवानलाल इंद्रजींचा डोळा द्यायचा

विठ्ठलवाडीहून बदलापूरच्या दिशेनं जाणारी लोकल पकडली की आधी उल्हासनगर लागतं आणि मग अंबरनाथ. स्टेशनवर उतरून पूर्वेला दीड-दोन किलोमीटर गेलं की वालधुनीच्या काठावर काळ्या दगडातलं शिवमंदिर उभं आहे. महाशिवरात्रीला तिथं मुंगी शिरायला जागा नसते. हे मंदिर किती जुनं, असं विचारलं तर कुणीही सांगेल, शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०.

पण हा आकडा आला कुठून?

मंदिराच्या उत्तर दारावरच्या तुळईवर एक शिलालेख आहे. अक्षरं झिजलेली, जागा अडचणीची. आधीच्या वाचनात त्यातलं साल शक ७८२ असं लावलं गेलं होतं. म्हणजे मंदिर थेट दोनशे वर्षांनी म्हातारं झालं होतं. ते दुरुस्त केलं एका गुजराती पंडितानं. पहिला आकडा ७ नसून ९ आहे आणि लेख शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातला आहे, हे त्यांनी दाखवून दिलं.

त्यांचं नाव पंडित भगवानलाल इंद्रजी. शिलालेख वाचणारा माणूस म्हणून इतिहासवाले त्यांना ओळखतात. नाण्यांच्या दुनियेत मात्र त्यांची ओळख वेगळी आहे. झिजलेल्या चांदीच्या तुकड्यावर नेमकं काय आहे, हे ज्यांच्या शब्दावर मानलं जायचं, असे ते गृहस्थ होते.

आता हा शब्द किती मोलाचा असतो, ते आधी बघू.

आज जुन्या नाण्यांचा बाजार हमीवर चालतो. अमेरिकेत १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या कंपन्या सुरू झाल्या. तुम्ही नाणं पाठवायचं, ते तपासून १ ते ७० मध्ये त्याला दर्जा देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून परत पाठवतात. ही ७० गुणांची पट्टी मूळची विल्यम शेल्डन नावाच्या माणसाची, १९४९ सालची. नाणं बनावट निघालं किंवा दर्जा चुकीचा निघाला, तर भरपाई देण्याची हमी कंपनी देते. त्यामुळं ६४ आणि ६५ या दोन आकड्यांत डोळ्याला फरक दिसो न दिसो, किमतीत तो पडतो. आणि किमतीत फरक पडला की तिथं धंदा आलाच. कुणी सुटं नाणं स्वस्तात घेऊन दर्जा लावून विकतो. कुणी डबी फोडून तेच नाणं पुन्हा पुन्हा पाठवतो, एखाद्या वेळी एक गुण जास्त पडेल या आशेवर. नाणं तेच, त्यात काडीचा बदल नाही, पैसे मात्र वाढतात.

आपल्याकडं याचा आणखी भाबडा अवतार दिसतो. घरातलं जुनं नाणं लाखात जाईल अशा जाहिराती येतात, आधी थोडी फी भरा असं सांगितलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या नावानंच हे सुरू झालं तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर करावं लागलं की आपण असल्या व्यवहारात नाही आणि कुणाला तसं अधिकारपत्रही दिलेलं नाही.

हमीवर पैसे कमावणं काही नवीन नाही. इंग्रजांच्या आधी आपल्या मुलखात डझनावारी रुपये चालायचे. अंकुशी वेगळा, चांदवडी वेगळा, मल्हारशाही वेगळा. प्रत्येकाचं वजन आणि चांदीचा कस निराळा. मग सराफाकडं जायचं. तो नाणं दगडावर वाजवून बघायचा, कसोटीवर घासायचा, काठाला छोटासा टाक मारायचा आणि बट्टा कापून घ्यायचा. हा टाक म्हणजे त्याची सही. आपण हे तपासलंय, पुढं चालवायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. १८३५ साली कंपनी सरकारनं १८० ग्रेनचा एकसारखा रुपया आणला आणि हळूहळू सराफाची ही मिळकत आटत गेली. गंमत अशी की सराफाचा तोच टाक आज दर्जा देणाऱ्या कंपन्या नुकसान म्हणून धरतात आणि नाण्याचे गुण कापतात.

भगवानलाल जन्मले ते ही जुनी व्यवस्था मोडत असताना. ७ नोव्हेंबर १८३९, गाव जुनागढ, घर प्रश्नोरा नागर ब्राह्मणाचं. इंग्रजी शाळा-कॉलेजाशी संबंध नाही. संस्कृत आणि वैद्यकी, हा घरचा वारसा.

पण जुनागढला गिरनार आहे आणि गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड खडक आहे. त्याच एका खडकावर सम्राट अशोकाचे लेख, शक ७२ सालानंतरचा क्षत्रप राजा रुद्रदामनाचा लेख आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताचा लेख. तीन राजवटी, सहा-सातशे वर्षांचा पसारा, एका दगडावर. गावातली माणसं रोज तिथून ये-जा करायची आणि ते काय आहे हे कुणालाच वाचता येत नव्हतं. जेम्स प्रिन्सेपनं १८३७ च्या सुमारास कलकत्त्यात ब्राह्मी लिपी उलगडली होती. तिचा अक्षरतक्ता एका इंग्रज अधिकाऱ्याकडून या पोराच्या हाती लागला. तो तक्ता घेऊन तो खडकापाशी जाऊन बसू लागला आणि वाचता वाचता प्रिन्सेपच्या प्रतीतल्या चुका त्याला दिसू लागल्या.

रासमाला लिहिणारे अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स यांच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाडांना भगवानलालांचं नाव सुचवलं. भाऊ दाजींना तेव्हा असाच माणूस हवा होता. ते स्वतः नावाजलेले डॉक्टर, पेशंटांची रीघ, त्यात सार्वजनिक कामं. डोंगरदऱ्यांत जाऊन ठसे घ्यायला वेळ कुठून आणणार? १८६१-६२ च्या सुमारास भगवानलाल मुंबईत आले आणि पुढची बारा-तेरा वर्षं भाऊ दाजींसाठी हिंडले. अजिंठा, मथुरा, ओडिशा, नेपाळ. जिथं जातील तिथून लेखांचे ठसे आणायचे, आणि बाजारात, देवळाच्या पेटीत, सोनाराच्या दुकानात दिसतील ती जुनी नाणी बघायची.

सोनाराच्या दुकानातली नाणी हा त्या काळातला खरा दुखरा भाग. जुन्या चांदीच्या नाण्याची किंमत सराफाच्या लेखी चांदीच्या वजनाइतकीच. शेतात मडकं सापडलं की ते मुशीत जायचं. सोळाशे वर्षं जमिनीत टिकलेला राजा अर्ध्या तासात पैंजण व्हायचा. दुसरीकडं साहेब लोकांना संग्रहाची हौस लागली होती आणि वजनापेक्षा जास्त पैसे मिळतात हे बाजाराला कळलं होतं. मग नकला आल्या. रावळपिंडीकडं ग्रीक राजांची बनावट नाणी पाडणारे तर चांगलेच नावारूपाला आले. म्हणजे खरं नाणं वितळतंय आणि खोटं नाणं विकलं जातंय, अशी अवस्था. अशा वेळी खरं काय ते सांगणारा माणूस किती हवा असेल, याची कल्पना करा.

भगवानलालांचा खास हात होता तो पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांवर. म्हणजे त्यांच्या गावच्या खडकावर ज्याचा लेख आहे, त्या रुद्रदामनाचं घराणं. गुजरात, माळवा आणि काही काळ नाशिक-जुन्नर-कोकणपर्यंत यांची सत्ता. त्यांचं चांदीचं नाणं दोन-सव्वादोन ग्रॅमचं, आकारानं शर्टाच्या मोठ्या बटणाएवढं. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला टेकडीसारखं चिन्ह आणि भोवती ब्राह्मीत मजकूर.

या मजकुराची एक भारी गोष्ट आहे. त्यात फक्त राजाचं नाव नसतं. बापाचं नाव असतं, बापाची पदवी असते आणि स्वतःची पदवीही असते. या घराण्यात दोन पायऱ्या होत्या. वरचा महाक्षत्रप, खालचा क्षत्रप. एकच माणूस आधी क्षत्रप म्हणून नाणी पाडतो आणि पुढं महाक्षत्रप म्हणून. गादी बऱ्याचदा बापाकडून मुलाकडं न जाता भावाकडं जाते. हे सगळं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, नाण्यांवर आहे.

आणि राजाच्या डोक्यामागं साल असतं. शक संवतातलं, तीन आकड्यांचं.

इथं खरी मेख होती. हे आकडे आपल्यासारखे नव्हते. तेव्हाच्या त्या लेखनात शून्य नाही, स्थानावरून किंमत नाही. १०० ला एक चिन्ह, २०० ला वेगळं, ५० ला वेगळं, ३ ला वेगळं. म्हणजे १५३ लिहायचं तर शंभराचं, पन्नासाचं आणि तीनाचं अशी तीन चिन्हं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन २३१, दामसेन महाक्षत्रपाचा काळ. चिन्ह ओळखायला चुकलात तर राजा वीस-तीस वर्षांनी सरकतो आणि मुलगा बापाच्या आधी गादीवर बसतो.

या चिन्हांची किल्ली भगवानलालांना मोठ्या प्रमाणावर मिळाली ती आपल्या नाणेघाटात. जुन्नरहून कल्याण बंदराकडं उतरणारी ही वाट. तिथल्या गुहेत सातवाहन राणीनं केलेल्या यज्ञांची आणि दानांची यादी आहे. इतक्या गायी, इतके कार्षापण, असं आकड्यांसकट. भगवानलालांनी ती चिन्हं एकेक करून बाकीच्या लेण्यांतल्या आकड्यांशी ताडून बघितली आणि १८७६-७७ च्या सुमारास त्यावर लेख छापले. भारतीय अंकांच्या इतिहासात नाणेघाटाचं नाव येतं, त्यात मोठा वाटा या कामाचा आहे.

आता दर्जा देणाऱ्या कंपनीच्या नजरेनं क्षत्रपांचं नाणं बघा. चकचकीत, मुखवटा ठसठशीत, झीज नाही, की गुण भरपूर. पण हे नाणं ठशापेक्षा लहान असायचं. ठसा पडताना काठावरचा मजकूर बाहेर जायचा आणि त्यात सालाचा शेवटचा आकडा जायचा. म्हणजे देखणं नाणं मुकं. उलट एखादं घासून गुळगुळीत झालेलं, नाक पुसलेलं नाणं, पण डोक्यामागं तिन्ही चिन्हं शाबूत. सराफ दोन्हींना चांदीचा भाव देणार, हौशी संग्राहक पहिल्याला जास्त मोजणार, आणि भगवानलाल दुसऱ्यावर झडप घालणार. वंशावळ लागते ती या दुसऱ्या नाण्यामुळं.

अर्थात झीज त्यांच्या लेखी बिनकामाची होती असं नाही. सोपाऱ्यात तर झीज नसणं हाच मोठा पुरावा ठरला.

एप्रिल १८८२. आजच्या नालासोपाऱ्यात बुरुड राजाचा कोट नावाचं एक टेकाड होतं. भगवानलालांनी ते खणायला घेतलं. जेम्स कॅम्पबेल तेव्हा ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर तयार करत होते आणि जुन्या इतिहासाच्या बाबतीत त्यांची भिस्त भगवानलालांवर होती. टेकाडाच्या पोटात विटांचा स्तूप निघाला, त्याच्या मध्यभागी दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडा, त्याभोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. करंड्यात एकात एक बसवलेल्या डब्या, चांदीची, स्फटिकाची, सोन्याची. सोन्याची फुलं. भिक्षापात्राचे म्हणून जपलेले मातीचे तुकडे. आणि या सगळ्यात एक छोटं चांदीचं नाणं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं, जवळजवळ न झिजलेलं.

ते बाजारात फिरलेलं नाही, म्हणजे टांकसाळीतून निघाल्यावर थोड्याच दिवसांत ते इथं ठेवलं गेलं. म्हणजे हा ठेवा यज्ञश्रीच्या काळातला, दुसऱ्या शतकातला. एका नाण्याच्या दर्जावरून अख्ख्या स्तूपाला तारीख लागली.

पुढच्या अभ्यासकांनी मात्र इथं बोट ठेवलं. त्या आठ ब्राँझ मूर्ती शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या दिसतात. म्हणजे पेटी नंतर कधीतरी उघडून पुन्हा बंद केली असावी. नाण्याबद्दल भगवानलाल चुकले नव्हते. पण नाण्याची हमी नाण्यापुरतीच असते, शेजारी ठेवलेल्या वस्तूला ती लागू होतेच असं नाही. डबीबंद नाण्यांच्या व्यवहारातही लोक नेमकं हेच विसरतात. कंपनी नाण्याच्या खरेपणाची आणि अवस्थेची हमी देते, पुढच्या वर्षी ते किती रुपयांना जाईल याची नाही.

सोपाऱ्याचा हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडं आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही भगवानलालांना त्याच वर्षी तिथंच मिळाला.

दरम्यान १८७४ साली भाऊ दाजी गेले होते. भगवानलाल स्वतःच्या नावानं ठळकपणे दिसू लागले ते त्यानंतरच. तोवरच्या कामातली बरीच मेहनत त्यांची असली तरी छापलेलं नाव भाऊ दाजींचं होतं. यावर आजही चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण भगवानलालांनी गुरूबद्दल कडवटपणा ठेवलेला दिसत नाही. अंबरनाथचं साल त्यांनी नव्यानं वाचलं, ते भाऊ दाजींचं वाचन बाजूला ठेवून. चूक दाखवायची म्हणून आदर कमी करायचा नाही आणि आदर आहे म्हणून चूक झाकायची नाही, हे त्यांना जमलं होतं.

ते लिहायचे गुजरातीत. जॉर्ज ब्यूलरसारखे विद्वान ते इंग्रजीत आणायचे. नेपाळातल्या २३ लेखांचं काम १८८० साली असंच बाहेर आलं. जेम्स बर्जेससोबत पश्चिम भारतातल्या लेण्यांतल्या लेखांचं पुस्तक १८८१ साली आलं. मुंबई विद्यापीठानं त्यांना फेलो केलं, नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठानं सन्माननीय डॉक्टरेट दिली. कॉलेजची पायरी न चढलेला वैद्याचा मुलगा डॉक्टर झाला.

पैशाचं काय? तिथं सगळी बोंब होती. मोठ्या पगाराची कायमची नोकरी नाही, सरकारी खातं पाठीशी नाही. कुणासाठी काम केलं की मोबदला, नाहीतर मित्रांचा आधार. आणि त्याच वेळी वाळकेश्वरच्या घरात क्षत्रपांच्या नाण्यांचा असा संग्रह, ज्याला लंडन-पॅरिसमध्ये गिऱ्हाईक शोधावं लागलं नसतं. नाणी त्यांची, त्यांच्या खरेपणाला शब्दही त्यांचाच. याहून पक्की हमी त्या काळात क्षत्रपांच्या नाण्याला मिळणं अवघड होतं. तो संग्रह शेवटपर्यंत त्यांच्याजवळच राहिला.

१६ मार्च १८८८ रोजी भगवानलाल गेले. वय अवघं ४८.

मृत्युपत्रात त्यांनी हस्तलिखितं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला दिली आणि ती भाऊ दाजींच्या संग्रहाशेजारी, भाऊ दाजींचा शिष्य अशा ओळखीनं ठेवावीत अशी इच्छा लिहून ठेवली. नाणी आणि पुरातन वस्तू ब्रिटिश म्युझियमला. यात मथुरेचा सिंहस्तंभशीर्षही होता. तो त्यांना १८६९ साली शीतलादेवीच्या ओट्याच्या पायरीत बसवलेला सापडला होता आणि त्यावर खरोष्ठीत महाक्षत्रप राजुवुलाच्या घराण्याची नावं आहेत.

नाणी लंडनला का, हा प्रश्न आज खटकतो आणि तो खटकणं साहजिक आहे. मुंबईचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम लोकांसाठी उघडायला १९२२ साल उजाडणार होतं. आजचा कायदा असता तर हे शक्यच नव्हतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं ही पुरावस्तू आहे आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. अंबरनाथ-उल्हासनगरात कुणाच्या आजोबांच्या पेटीत असं नाणं निघालं आणि कुणी परदेशी कंपनीकडं दर्जा लावून आणतो म्हणालं, तर हा कायदा आधी बघावा.

भगवानलालांचा क्षत्रपांवरचा मोठा लेख अर्धवट राहिला होता. तो एडवर्ड रॅप्सन यांनी नीट लावून १८९० साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान क्षत्रपाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाची हमी रद्द, जिंकलेल्याची सुरू. भगवानलाल हा ढीग बघायला नव्हते. दोन वर्षांनी, १९०८ साली, रॅप्सन यांनी ब्रिटिश म्युझियममधल्या सातवाहन आणि क्षत्रप नाण्यांची सूची काढली. त्यातल्या क्षत्रपांच्या पानांमागं वाळकेश्वरहून गेलेली नाणी मोठ्या संख्येनं आहेत, आणि लिलावात एखादं क्षत्रप नाणं आलं की त्याचं साल लावायला आजही ही सूची काढून बघितली जाते.